मार्गदर्शकांचा उजवा कान नोंदवहीत धरण्याबाबत

प्रति,
मा. उपसंचालक,
फेलोशिप कक्ष,
अतिविशेष वैद्यकीय प्रशिक्षण मंडळ,
मुख्य इमारत, तिसरा मजला
(लिफ्ट बंद असल्यास मागचा जिना).

टपाल घेणाऱ्यांस विनंती : हा अर्ज 'त्रुटी' असे लिहिलेल्या गठ्ठ्यात टाकण्यापूर्वी निदान एकदा वाचावा.

विषय : सूक्ष्म कर्णशल्य फेलोशिपच्या नोंदवहीतील तिसऱ्या रकान्यात, आवश्यक पाच शस्त्रक्रियांपैकी एक म्हणून, मार्गदर्शकांचा स्वतःचा उजवा कान ग्राह्य धरण्याबाबत.

संदर्भ : १) आपले त्रुटीपत्र क्र. ११८
२) आपले त्रुटीपत्र क्र. १४३
३) आपले त्रुटीपत्र क्र. १६०
४) आपल्या कक्षातील वरिष्ठ लिपिकांनी फोनवर "मॅडम, आता पुरे करा" असे सांगितले ते.

महोदय,

आपल्या सूचनापत्रकातील कलम तीननुसार अर्जात 'मी' असे लिहिता येत नाही, 'अर्जदार' असे लिहावे लागते. अर्जदार हिचा अगदी पहिला अर्ज याच कारणावरून परत आला होता. म्हणून या अर्जात ती स्वतःकडे जरा लांबून पाहत आहे. गेली तीन वर्षे ती सगळेच लांबून पाहत आली असल्यामुळे हे तिला फारसे जड गेलेले नाही. तर सविनय सादर करण्यात येते की,

१. अर्जदार ही छत्तीस वर्षांची, विवाहित, एका मुलीची आई आणि कान-नाक-घसा या विषयाची पदव्युत्तर डॉक्टर आहे. डॉक्टर होण्याची साडेपाच वर्षे, त्यावरची तीन, मग रुग्णालयात नोकरीची दोन, एवढे झाल्यावर शहाणा माणूस दवाखाना थाटून मोकळा होतो. अर्जदार हिने आपल्या मंडळाच्या फेलोशिपला प्रवेश घेतला. तेव्हा तिच्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, आधी अख्खं शरीर शिकलीस, मग कान-नाक-घसा, आता नुसता कान. पुढच्या वर्षी काय, कानातला मळ?" सासूबाईंचा अंदाज फार चुकला नाही. ही फेलोशिप कानाच्या पार आतल्या एका हाडाची आहे. शरीरातले ते सगळ्यांत लहान हाड, तांदळाच्या दाण्याच्या निम्मे. काही माणसांत ते जागच्या जागी घट्ट होऊन बसते, हलत नाही, आणि ऐकू येणे हळूहळू बंद होते. शस्त्रक्रियेत त्या हाडाचा वरचा भाग काढतात, तळाला एक बारीक भोक पाडतात आणि त्यात बारीकशी दांडी बसवतात. भोक अर्ध्या मिलिमीटरहून थोडे मोठे असते. हात तेवढाच हलला तर कान कायमचा जातो.

या फेलोशिपची मुदत एक वर्ष आहे. अर्जदार हिने ती तीन वर्षे केली.

२. या फेलोशिपचे प्रमाणपत्र दाखवल्यास अर्जदार हिला तिच्या गावातील रुग्णालयात कर्णशल्यतज्ज्ञाचे पद मिळणार आहे. ते पद तिच्यासाठी ३० जूनपर्यंत राखून ठेवलेले आहे, त्यानंतर ते दुसऱ्या उमेदवारास जाईल. गावात तिचे पती, सासूबाई आणि सहा वर्षांची मुलगी राहतात. मुलीला शाळेत "आई कुठे असते?" असे विचारले असता तिने "कानात" असे उत्तर दिले. बाईंनी ते चूक धरले. अर्जदार हिच्या मते त्याला पूर्ण गुण मिळायला हवे होते. अर्जदार हिला घरी जायचे आहे. अर्जाचा मतलब एवढाच आहे, खालचा सगळा मजकूर केवळ नियमांच्या समाधानासाठी आहे.

३. आपल्या मंडळाने प्रत्येक फेलोला एक निळी नोंदवही दिलेली असते. तिच्यात तीन रकाने असतात : 'पाहिले', 'साहाय्य केले' आणि 'मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली स्वतः केले'. तिसऱ्या रकान्यात पाच शस्त्रक्रिया झाल्याखेरीज प्रमाणपत्र मिळत नाही. नियम उत्तम आहे. ज्याने हा नियम केला त्याची आणि अर्जदार हिच्या मार्गदर्शकांची कधी गाठ पडली नसावी.

४. मार्गदर्शकांना विभागात 'मोठे सर' म्हणतात. या शस्त्रक्रियेत त्यांचा हात धरणारा दुसरा कोणी नाही, आणि तसा कोणी तयार होऊ नये याची काळजी ते सव्वीस वर्षे घेत आले आहेत. अर्जदार रुजू झाली त्या दिवशी सर म्हणाले, "पहिल्या दहा नुसत्या बघ, अकरावी तुझी." अकरावा रुग्ण वकील निघाला. बारावी त्या वकिलाची बहीण. पुढच्या रुग्णाच्या कानाची नळी अरुंद होती, म्हणून अवघड. त्याच्या पुढच्याची चांगली रुंद होती, तेव्हा सर म्हणाले, "एवढी सुंदर केस शिकण्यात कशाला वाया घालवायची?" एकदा बाहेरगावचे डॉक्टर बघायला आले होते. एकदा काहीच कारण नव्हते, तेव्हा सरांनी खुर्चीवरून न उठता "पुढची तुझी" एवढेच सांगितले आणि हात पुढे करून सुई मागितली.

साहाय्यकाने सूक्ष्मदर्शकाच्या बाजूच्या नळीतून पाहायचे असते. त्या नळीतून अर्धे दिसते, तेही तिरके, आणि उरलेल्या अर्ध्यात सरांच्या हातातले हत्यार असते. दोन वर्षे संपली तेव्हा अर्जदार हिच्या वहीत पाहिलेल्या ३१२, साहाय्य केलेल्या २८७ आणि स्वतः केलेल्या ० अशी नोंद होती. मानेचा व्यायाम सांगणाऱ्या डॉक्टरांकडील चकरा सतरा झाल्या, पण त्यासाठी वहीत रकाना नाही.

५. त्याच सुमारास आपल्या कक्षातील वरिष्ठ लिपिकांनी तिला जिन्यात गाठून आपुलकीने सल्ला दिला. ते म्हणाले, "मॅडम, तिसरा रकाना सगळे घरी बसूनच भरतात. तारखा लांब-लांब टाका, दोन वेगळी पेनं वापरा, सर डोळे झाकून सही करतात." अर्जदार हिच्या आधी या विभागातून सात फेलो बाहेर पडले. त्यांच्या तिसऱ्या रकान्यांविषयी तिला माहिती नाही, आणि असती तरी ती या अर्जात दिली नसती. तिने स्वतः मात्र तसे केले नाही. हे तत्त्वापोटी केले असे कृपया समजू नये. खोट्या नोंदी करून ती गावी गेली असती, खुर्चीवर बसली असती, आणि मग समोर एखाद्याचा खरा कान आला असता. त्या कानाला दोन पेनांचा काय उपयोग होता? तिने वही कोरी ठेवली आणि आणखी एका वर्षाची मुदतवाढ मागितली. पती फोनवर म्हणाले, "ठीक आहे. तिला आता पोळपाटाएवढ्या मोठ्या चित्रात आई काढता येते, तेवढं पाठवतो." चित्र आले. त्यात आईला तीन कान होते.

६. आता मूळ मुद्दा. दुसऱ्या वर्षीच मोठ्या सरांना उजव्या कानाने ऐकू येईनासे झाले होते, आणि हे चौदा महिने कोणाच्याही लक्षात आले नाही. विभागात चार डॉक्टर आणि दोन श्रवणतज्ज्ञ आहेत, सगळे पगारी. पण मोठे सर पूर्वीपासूनच कोणी काही विचारले तर उत्तर देत नसत, त्यामुळे आता ते का देत नाहीत असा प्रश्नच पडला नाही. विभागाची बैठक त्यांनी कॅन्टीनमध्ये, मिक्सरच्या शेजारच्या टेबलावर घ्यायला सुरुवात केली. सर्वांनी याला त्यांचा साधेपणा म्हटले.

खरा प्रकार शस्त्रक्रियागृहाच्या मुख्य सिस्टरांनी ओळखला. त्यांच्या ध्यानात आले की रक्त ओढून घेणारे यंत्र घरघरत असते तेव्हा सरांना सगळे ऐकू येते आणि यंत्र बंद केले की काही ऐकू येत नाही. गोंगाटात बरे ऐकू येणे ही या आजाराची ठळक खूण आहे. ती पाठ्यपुस्तकात पहिल्या पानावर आहे, आणि ते पुस्तक विभागातल्या सहाही जणांनी परीक्षेपुरते वाचलेले आहे. सिस्टर सरांच्या डाव्या बाजूला गेल्या आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही रोज दुसऱ्यांचं जे काढता, तेच तुमच्या उजव्या कानात झालंय. चला, तपासणीच्या खोलीत बसा." सरांनी यंत्र बिघडले आहे म्हणून दोनदा बदलायला लावले. तिन्ही यंत्रांवर एकच आलेख निघाला. त्यानंतर सर त्या बंद खोलीत बराच वेळ एकटेच बसून राहिले. अर्जदार हिने काचेतून त्यांना पाहिले तेव्हा तिला त्यांच्यावर रागावता आले नाही, आणि त्याचेच तिला वाईट वाटले.

७. या शस्त्रक्रियेसाठी सरांनी बाहेर कुणाकडे तरी जावे असे सर्वांनी सुचवले. ज्या दोघा-तिघांची नावे निघाली त्यांच्याविषयी सर म्हणाले, "त्यांच्या हातात मी चष्मा पुसायलाही देणार नाही." विभागातले दुसरे शल्यतज्ज्ञ, ज्यांना 'धाकटे सर' म्हणतात, ते फक्त कानाचे पडदे शिवतात. त्यांच्याकडे सरांनी पाहिले तेव्हा ते उठून पाणी प्यायला गेले. मग सरांनी अर्जदार हिची निळी वही मागवली, पहिला रकाना बोटाने मोजला आणि म्हणाले, "माझी पद्धत मला सोडून फक्त हिने पाहिली आहे. आणि माझ्याच कानात माझा हात पोचत नाही."

अर्जदार हिने नकार दिला. शून्य शस्त्रक्रिया केलेल्या फेलोने पहिली शस्त्रक्रिया विभागप्रमुखांवर करणे हे तिला आत्महत्येचा जरा लांबचा मार्ग वाटला. तिने तीनदा नकार दिला. तिसऱ्या वेळी सर रागावले नाहीत, आणि मग तिला भीती वाटू लागली. "तुला दिली नाही ही माझी चूक," ते म्हणाले. "पण आता त्याची शिक्षा माझ्या कानाला नको. तीन आठवडे देतो, तयारी कर." तीन आठवडे तिने प्रयोगशाळेत मृतांच्या कानांच्या हाडांवर हात बसवला, एकूण चव्वेचाळीस वेळा, आणि प्रत्येक वेळी सर शेजारी स्टुलावर बसून होते. सरांच्या पत्नीने संमतीपत्रावर नातेवाईक म्हणून सही केली. सही करताना त्या म्हणाल्या, "मला वाटलं होतं लग्न जुनं झालं की असंच होतं."

८. शस्त्रक्रिया २१ जानेवारी रोजी सकाळी झाली. ती रुग्ण जागा असतानाच, फक्त कान बधिर करून करतात. मार्गदर्शकाने शस्त्रक्रियेच्या वेळी हजर असावे आणि शस्त्रक्रियेची जागा त्यास सतत दिसत असावी, असा आपला नियम चौदा आहे. तो पाळण्यासाठी सिस्टरांनी सूक्ष्मदर्शकातले दृश्य पाहुण्यांना दाखवणारा टीव्हीचा पडदा सरांच्या चेहऱ्यासमोर आणून ठेवला आणि डोळ्यांवरची हिरवी चादर चिमट्याने वर उचलून धरली. सर डाव्या कुशीवर होते, उजवा कान वर, आणि ते समोरच्या पडद्यावर स्वतःचाच कान हातभर मोठा पाहत होते. मार्गदर्शकाला आपली देखरेख यापेक्षा जवळून करता येईल असे अर्जदार हिला वाटत नाही.

रुग्ण बोलला तर जबडा हलतो आणि कानाची नळीही हलते, म्हणून सरांना तोंड बंद ठेवण्यास सांगितले. त्यांना ते शस्त्रक्रियेपेक्षा अवघड गेले. त्यावर तोडगा असा काढला की धाकट्या सरांनी त्यांचा हात हातात धरावा. सरांनी एकदा दाबला तर पुढे, दोनदा दाबला तर थांब. धाकटे सर दर थोड्या वेळाने "एक" किंवा "दोन" एवढेच म्हणत होते, आणि घाम मात्र त्यांनाच सर्वांत जास्त आला होता.

मुख्य खुर्चीत बसून अर्जदार हिने सूक्ष्मदर्शकात पाहिले. ३१२ हून अधिक वेळा तिने हे पाहिले होते, पण सरळ असे एकदाही नाही. हाड समोर होते, पूर्ण, मध्ये कोणाचेही हत्यार नाही. त्या क्षणी तिला मोठ्या सरांचा सगळ्यांत जास्त राग आला, कारण इतके स्पष्ट दिसत असूनही त्यांनी ते तीन वर्षे एकट्यानेच पाहिले होते.

भोक पाडायची वेळ आली तेव्हा धाकटे सर म्हणाले, "दोन." अर्जदार थांबली. पडद्यावर खोली कळत नाही. सरांना वाटले सुई फार आत आहे. अर्जदार हिला दिसत होते की ती बरोबर जागी आहे. ती तशीच थांबून राहिली. मग धाकटे सर बिचकत म्हणाले, "सरांनी हात सोडला." सिस्टरांनी नंतर सांगितले की तेव्हा सरांनी डोळेही मिटले होते. अर्जदार हिने भोक पाडले आणि दांडी बसवली. सरांनी डोळे मिटल्याचा काळ अंदाजे चाळीस सेकंदांचा होता. तो देखरेखीतून वजा करावयाचा असल्यास मंडळाने तो जरूर वजा करावा.

दांडी बसली की रुग्णाशी अगदी हळू बोलून पाहायचे असते. अर्जदार हिने सरांच्या उजव्या कानाशी, स्वतःलाही जेमतेम ऐकू येईल इतक्या बारीक आवाजात विचारले, "सर, ऐकू येतंय का?" सर म्हणाले, "ओरडतेस कशाला? ऑपरेशन चालू आहे."

९. सरांना सहा आठवडे वाकण्यास आणि शस्त्रक्रिया करण्यास मनाई होती. रुग्णांच्या तारखा मात्र ठरलेल्या होत्या. त्या काळात अर्जदार हिने आणखी चार शस्त्रक्रिया केल्या आणि सरांनी बाजूच्या नळीला डोळा लावून त्या पाहिल्या. पहिल्या दिवशी दहा मिनिटांनी मान चोळत ते म्हणाले, "यातून काहीच दिसत नाही. हे इतक्या वर्षांत मला कोणी सांगितलं कसं नाही?" सिस्टर म्हणाल्या, "सर, तुम्ही विचारलं नाहीत." चारही रुग्णांना उत्तम ऐकू येते. सातव्या आठवड्यात सरांची तब्येत ठणठणीत झाली, त्यांनी मुख्य खुर्ची ताब्यात घेतली आणि अर्जदार हिला "पुढची तुझी" असे सांगितले. जित्याची खोड. मे अखेरीस तिची मुदतवाढ संपली आणि आपल्या कक्षाने वही लाखेची मोहर मारून बंद केली.

म्हणजे अर्जदार हिच्या तिसऱ्या रकान्यात पाच कान आहेत. आपल्या कक्षाच्या मते ते चार आहेत.

१०. त्रुटीपत्र क्र. ११८ मध्ये आपण कळवले की सदर शस्त्रक्रियेच्या कागदांवर 'रुग्ण' आणि 'मार्गदर्शक' या दोन्ही ठिकाणी एकच सही आढळते, तरी या दोन व्यक्ती वेगवेगळ्या असल्याचा दाखला जोडावा. असा दाखला कोण देते याची अर्जदार हिने चार कार्यालयांत चौकशी केली. एका ठिकाणी तिला टोकनही मिळाले.

त्रुटीपत्र क्र. १४३ मध्ये आपण निदर्शनास आणले की त्या दिवशी मार्गदर्शक वैद्यकीय रजेवर होते आणि रजेवरील व्यक्ती देखरेख करू शकत नाही. सरांनी लगेच आपली रजा मागील तारखेने रद्द करून घेतली. त्यावर रुग्णालयाच्या आस्थापना विभागाने त्यांना नोटीस काढली : कर्तव्यावर असताना दोन तास टेबलावर आडवे पडून राहिल्याबद्दल खुलासा करावा. सरांनी खुलासा केला, "काम करत होतो." तो खुलासा समाधानकारक नसल्याचे त्यांना कळवण्यात आले आहे.

त्रुटीपत्र क्र. १६० मध्ये आपण रुग्णाची मार्गदर्शकाविषयी काही तक्रार नसल्याचे रुग्णाच्या सहीचे पत्र मागवले. सरांनी ते तत्काळ दिले : "रुग्णाची मार्गदर्शकाविषयी तक्रार नाही. मार्गदर्शकाची रुग्णाविषयी आहे, सांगितलेले पथ्य पाळत नाही." पत्रात तक्रार आढळल्याने ते आपल्या कक्षाने स्वीकारले नाही. मग मार्गदर्शक म्हणून धाकट्या सरांची सही घ्यावी, असे फोनवर सुचवण्यात आले. धाकटे सर म्हणाले, "मी फक्त हात धरला होता." नुसता हात धरून अख्खी कारकीर्द करणारे लोक अर्जदार हिने पाहिले आहेत, त्यामुळे धाकट्या सरांविषयीचा तिचा आदर त्या दिवसापासून वाढला.

शेवटी वरिष्ठ लिपिकांनी सांगितले, "मॅडम, त्या तारखेला दुसऱ्याच कुणा रुग्णाचं नाव टाका. मी आजच पुढे पाठवतो, एकही त्रुटी निघणार नाही." ते मनापासून मदत करत होते आणि अर्जदार हिला त्यांचा राग नाही. पण तिला हे कळत नाही की न झालेल्या पाच कानांना ज्या कक्षातून सरळ वाट मिळते, तिथे झालेल्या एका कानाने तीनदा का अडखळावे.

११. तरी वरील सर्व बाबींचा सहानुभूतीपूर्वक, किंवा निदान एकदा, विचार करून मार्गदर्शकांचा उजवा कान तिसऱ्या रकान्यात धरावा आणि प्रमाणपत्र ३० जूनपूर्वी द्यावे ही विनंती. तपासणीसाठी कान कार्यालयात हजर करण्याची अर्जदार हिची तयारी आहे, मात्र त्यासोबत मोठे सरही येतील आणि ते बोलतील. आज १७ जून आहे. घरी सासूबाईंनी तिचे कपाट रिकामे करून ठेवले आहे आणि मुलीने दारावर तारखांचा कागद चिकटवून रोज एक खूण करायला सुरुवात केली आहे. अर्जदार हिने तिला अजून नक्की काही सांगितलेले नाही. तिला खोटे सांगायचे नाही आणि खरे काय ते आपल्या टेबलावर आहे.

आपली, अजून तरी नम्र,

(सही)
अर्जदार,
फेलो, सूक्ष्म कर्णशल्य (मुदत संपलेली)
दिनांक : १७ जून

सोबत :
१) निळी नोंदवही (मोहर आपल्याच कक्षाची आहे, ती आपणच फोडावी)
२) मार्गदर्शकांच्या उजव्या कानाचे श्रवण-आलेख, शस्त्रक्रियेपूर्वीचे तीन यंत्रांवरचे आणि नंतरचा एक
३) शस्त्रक्रियेचे चित्रीकरण (आवाजासह, शेवटचे वाक्य सरांचे आहे)
४) मुख्य सिस्टरांचे निवेदन, अर्धे पान
५) धाकट्या सरांचे निवेदन, एक ओळ
६) टोकन क्र. ५२

मार्गदर्शकांचा शेरा (स्वतःच्या अक्षरात असावा) :

अर्ज वाचला. माझ्याविषयी जे लिहिले आहे ते मला आवडलेले नाही. त्यात खोटे काही नाही.

ही शस्त्रक्रिया मी दोन हजारांवर कानांत केली, आणि ती झाल्यावर माणसाला काय होते ते मला माहीत नव्हते. कानातली पट्टी निघाली त्या दिवशी घरी गेलो, तर बायको भाजी निवडताना गुणगुणत होती. मी विचारले, हे कधीपासून? ती म्हणाली, रोजच. मी बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो.

आधीच्या सात फेलोंचे तिसरे रकाने माझ्याच सहीने भरले गेले आणि कक्षाने त्यातला एकही परत पाठवला नाही. त्यातल्या एकाही कानाबद्दल मी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. मंडळाने त्याबद्दल मला काय विचारायचे ते विचारावे. या कानाबद्दल मी सांगू शकतो, तो माझा आहे. तो हिने केला आणि मी पाहिला. ज्या चाळीस सेकंदांत मी पाहिला नाही, त्या सेकंदांत तो सर्वांत चांगला झाला.

माझा डावा कानही आता चालला आहे. पुढच्या वर्षी त्याचीही शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि त्यासाठी मी हिच्या गावी जाईन. पण हिने उजवा केलेलाच नाही असे कक्षाचे म्हणणे असेल, तर डावा कोणाच्या हाती द्यायचा ते मला लेखी कळवावे.

(सही)
मार्गदर्शक

(सही)
रुग्ण